दमाचं घड्याळ

आपल्याकडं वेळ पाळायची पद्धत नाही, वेळ काढायची आहे. एखाद्या निवृत्त गृहस्थाला विचारा, 'काय, कसं काय चाललंय?' तो म्हणणार, 'काढतोय झालं वेळ.' कचेरीतल्या साहेबाला विचारायचीही गरज नाही. तो आपल्या डोळ्यांदेखत काढत असतो. आणि आम्ही नाशिककर तर या बाबतीत जरा जास्तच मुरलेले. खुद्द प्रभू रामचंद्रांनी जिथं वनवासाची वर्षं काढली, तिथं आमच्यासारख्यांनी एखादी दुपार काढली तर बिघडलं कुठं?

पण या वेळ काढण्याला शास्त्राची प्रतिष्ठा जर कुठं मिळाली असेल, तर ती कबड्डीच्या मैदानात. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर आपण वाचतोच, 'शेवटच्या पाच मिनिटांत अमुक संघाने वेळकाढू धोरण स्वीकारले.' 'धोरण' हा शब्द बघा! परराष्ट्राचं असतं, शेतीचं असतं आणि मग एकदम कबड्डीतल्या वेळेचं.

या धोरणाचा इतिहास मी सांगणार आहे. इतिहास म्हटल्याबरोबर पान उलटू नका. सनावळी आहे, पण बेताची आहे. आणि तात्पर्य आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी सांगायला नको: खेळातलं घड्याळ बदलणारे लोक समजतात, की आता खेळ पळायला लागेल. खेळणारे लोक त्या घड्याळावर बसायचं कसं, ते आधी शोधून काढतात.

कबड्डीतलं पहिलं घड्याळ माणसाच्या छातीत होतं. आमच्या लहानपणी पुस्तकात कबड्डी होती, पण गल्लीत हुतूतूच होता. उन्हाळ्यात पाणी आटलं, की गंगेच्या पात्रात थोडी वाळू उघडी पडे. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. भूगोलाच्या पेपरातच काय ती गोदावरी.) तिथं काठीनं रेघ ओढायची, की मैदान तयार. समोरच्या रेघेपलीकडं जायचं ते एका दमात आणि परतही यायचं ते त्याच दमात. तोंडानं 'हुतूतू' अखंड चालू पाहिजे. दम तुटला की बाद. किती सेकंद? ते कुणी मोजलं नाही. ज्याच्या छातीत जितकी हवा तितकी त्याची वेळ. पैलवान गड्याची वेळ मोठी, माझ्यासारख्या काडी पैलवानाची लहान. निसर्गानंच दिलेलं घड्याळ. चावी द्यायला नको की दुरुस्तीला टाकायला नको.

सामना किती वेळ चालायचा, यालाही उत्तर नव्हतं. जुन्या प्रकारांपैकी 'गामिनी' म्हणून जो प्रकार होता, त्यात एकदा बाद झालेला गडी आपला अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. सगळा संघ बाद झाला म्हणजे समोरच्यांचं एक 'लोण' चढलं. ठरलेली लोणं चढेपर्यंत खेळ चालायचा. वेळेची मर्यादा म्हणून नाहीच. यात सर्वांत मोठी सोय अशी, की वेळ काढून फायदा काहीच नव्हता. तुम्ही पुढं असा, मागं असा, लोण चढवल्याशिवाय सुटका नाही. उगाच मधल्या रेघेवर घोटाळत उभं राहिलात, तर फार तर तुमच्या घरचा वरणभात गार होईल. आमचे सामने बहुधा निकाली निघतच नसत. दिवेलागणीला पुलावरून कुणाची तरी आई हाक मारी आणि पुढं असलेला संघ, मागं असलेला संघ, दोघंही सारखेच पळत सुटत.

या घड्याळाला वाचणारा माणूस मात्र लागायचा. आमचे मामा हे तसे माणूस. मामा नोकरी करत जिल्ह्याच्या एका कचेरीत, पण त्यांचं खरं आयुष्य शिटी गळ्यात अडकवल्यावर सुरू होई. कबड्डीचे पंच. मामांच्या मनगटावर घड्याळ कधी कुणी पाहिलं नाही. चढाई सुरू झाली, की मामा कमरेत वाकून, मान तिरकी करून, डावा कान चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडं लावून त्याच्याबरोबर रेघेच्या बाहेरून सरकत राहायचे. तोंडातल्या तोंडात चोरून घेतलेला श्वास, जिभेआड लपवलेला, ओरडण्याच्या मिषानं ओढलेला, सगळे श्वास त्यांना ऐकू यायचे. शिटी फुंकून म्हणायचे, 'घेतलास. जा बाहेर.' गडी शपथा घ्यायचा, देवीची, आईची. मामा म्हणायचे, 'शपथ घ्यायला दम पुरतोय ना? मग आधी कुठं गेला होता?'

त्यांचं असं ठाम मत होतं, की 'हुतूतू' हा शब्द चोरांच्या सोयीचा. 'तूऽऽ तूऽऽ' करता करता मध्येच श्वास आत घेतला, तर शहाण्यालाही कळत नाही. 'कबड्डी'चं तसं नाही. त्यातला तो 'ड्ड' नेमका चोराला पकडून देतो. देशभर 'कबड्डी' हेच नाव का ठरलं, याची मोठमोठी कारणं असतील; मामांना एवढंच एक कारण पुरेसं होतं.

आता ती सनावळी. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं मोठी स्पर्धा भरवली आणि नियम छापील झाले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं आपले देशी खेळ तिकडं जाऊन दाखवले, त्यात हाही होता. शंभर मीटरचं अंतर सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजणाऱ्या त्या मंडळींना 'एक दम' हे कालाचं परिमाण कसं समजावून सांगितलं असेल, देव जाणे! १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय खेळांत कबड्डी आली, १९५० साली अखिल भारतीय महासंघ निघाला, आणि पुढं शंकरराव ऊर्फ बुवा साळव्यांसारख्या माणसांनी या खेळासाठी उभा जन्म वेचला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपल्याकडं कबड्डी दिन म्हणून पाळतात.

हे सगळं होता होता तीन प्रकारांतला 'संजीवनी' प्रकार मान्य ठरला. (संजीवनी, गामिनी आणि अमर अशी तिन्ही नावं. वैद्याच्या कपाटातल्या बाटल्या वाटतात, पण आहेत कबड्डीचेच प्रकार.) संजीवनीत समोरचा एक बाद केला, की आपला एक बाद झालेला गडी परत आत येतो. म्हणजे माणूस मरतो, पुन्हा जिवंत होतो, पुन्हा मरतो. असा खेळ लोणांवर सोडला तर प्रलयापर्यंत चालेल. मग त्याला वेळ बांधून देणं भाग पडलं. वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. मैदानाच्या कडेला टेबल आलं, टेबलावर वेळाधिकारी आला, त्याच्या हातात स्टॉपवॉच आलं. आणि त्या दिवसापासून कबड्डीत दोन घड्याळं झाली: एक गड्याच्या छातीत, एक टेबलावर.

दोन घड्याळं असलेल्या घरात काय होतं ते आपण जाणतोच. जे सोयीचं, ते खरं.

समजा, आपला संघ पाच गुणांनी पुढं आहे आणि सहा मिनिटं उरली आहेत. गामिनीत या 'सहा मिनिटां'ना अर्थच नव्हता. आता ती सहा मिनिटं म्हणजे बँकेतली ठेव झाली. आपला गडी चढाईला जातो. मधली रेषा ओलांडतो, पुढची निदान रेषा ओलांडून येतो, कारण ती ओलांडल्याशिवाय चढाई ग्राह्य धरत नाहीत. ती मधल्या रेषेपासून पावणेचार मीटरवर. म्हणजे जावं तर लागतंच. एकदा ते कर्तव्य उरकलं, की साहेब मागं सरकतात आणि 'कबड्डी कबड्डी' म्हणत मधल्या रेषेच्या अलीकडं-पलीकडं जाण्याच्या बेतात उभे राहतात. चेहरा असा, की आत्ता झेप घेणार. झेप काही घेत नाहीत. समोरचे सात जण हातात हात गुंफून चवड्यांवर नाचताहेत, प्रेक्षक ओरडताहेत, आणि हा दत्ताच्या देवळात जप करायला बसल्यासारखा निवांत. दम संपत आला, की एक पाऊल मागं आणि स्वगृही. गुण शून्य. पण टेबलावरच्या घड्याळातली २५-३० सेकंदं खाल्लेली. ज्याची छाती मोठी त्याला पूर्वी जास्त गडी मारता यायचे. आता त्याला जास्त वेळ खाता येऊ लागला. तेच शस्त्र, धंदा मात्र बदलला.

मग आले त्याचे पोटधंदे. गुडघा दुखणं. हा आजार पुढं असलेल्या संघालाच होतो आणि शेवटच्या पाच मिनिटांतच बळावतो. चड्डीची नाडी सैल होणं. पुढं मॅट आली, मॅटबरोबर बूट आले, आणि अनवाणी खेळणाऱ्यांना जे सुख ठाऊक नव्हतं ते बुटाची नाडी बांधण्याचं सुख मिळालं. उलट मागं पडलेल्या संघाची घालमेल विचारू नका. यांच्या छातीत दम आहे, पण टेबलावर वेळ नाही.

मामांना या सगळ्याचा मनस्वी संताप. पण करणार काय? गडी दम तर तोडत नव्हता! डावा कान लावून लावून त्यांना जे ऐकू येई, ते अगदी शुद्ध, अखंड, नियमाला धरून असे. 'चोर पकडता येतो रे,' मामा म्हणायचे, 'पण हा सावकार आहे. सावकाराला काय म्हणून शिटी मारू?'

हा रोग फक्त आपलाच आहे असं समजून कुणी खाली मान घालू नये. अमेरिकेत १९५० साली, २२ नोव्हेंबरला, बास्केटबॉलचा एक सामना झाला. फोर्ट वेन विरुद्ध मिनियापोलिस. मिनियापोलिसकडं धिप्पाड जॉर्ज मायकन, म्हणजे त्यांना चेंडू मिळाला की टोपली भरलीच. फोर्ट वेनवाल्यांनी ठरवलं, चेंडू आपल्याच हातात ठेवायचा. टाकायचा नाही, फेकायचा नाही, आपापसात देत बसायचं. सामना संपला १९ विरुद्ध १८. एनबीएमधला हा आजवरचा सर्वांत कमी गुणांचा सामना. प्रेक्षकांचं काय झालं असेल याची कल्पना ज्यांनी आपल्याकडं शेवटच्या सहा मिनिटांची कबड्डी पाहिली, त्यांनाच येईल. पुढं डॅनी बियासोन नावाच्या एका संघमालकानं हिशेब मांडला. सामन्याची ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद. बऱ्या सामन्यात दोन्ही संघ मिळून १२० वेळा चेंडू टोपलीकडं टाकतात. भागाकार करा: २४. १९५४ पासून नियम आला, की २४ सेकंदांत चेंडू टाका नाहीतर समोरच्यांना द्या. वाण्याच्या वहीतला हा हिशेब, पण त्यानं तो खेळ वाचवला.

सगळेच हिशेब असे जमत नाहीत. माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला होता. तिथं कॉलेजांच्या फुटबॉलला लाखभर माणसं जमतात, हे तो सांगायचा तेव्हा मला ते आमच्या सिंहस्थासारखं वाटायचं. ज्याला ते फुटबॉल म्हणतात त्यात चेंडूला पाय क्वचित लागतो, पण ते असो. सामने फार लांबतात म्हणून २००६ साली तिथल्या नियमवाल्यांनी ठरवलं, की डाव सुरू करताना चेंडूला लाथ बसली, की लगेच घड्याळ सुरू. आधी समोरच्यानं तो झेलल्यावर सुरू व्हायचं. दोन-चार सेकंदांचा तर फरक! त्याच नोव्हेंबरात विस्कॉन्सिन आणि पेन स्टेट यांची गाठ पडली. मध्यंतराला २३ सेकंद उरलेली आणि लाथ मारायची पाळी विस्कॉन्सिनची. त्यांचे प्रशिक्षक ब्रेट बिलेमा यांनी आपल्या पोरांना सांगितलं, लाथ बसायच्या आधीच रेघ ओलांडून खुशाल पुढं पळा. साहजिकच नियमभंग. शिक्षा काय? पाच यार्ड मागं जा आणि पुन्हा लाथ मारा. पण मधल्या काळात गेलेली सेकंदं परत मिळायची सोय नव्हती! त्यांनी ते एकदा केलं, पुन्हा एकदा केलं, आणि घड्याळ जवळजवळ कोरडं पडलं. पेन स्टेटचे म्हातारे प्रशिक्षक जो पॅटर्नो पंचांवर कडाडले, पण पंच काय करणार? नियमाचं पुस्तक बिलेमांच्या बाजूला. २००७ साली तो नियम गुपचूप मागं घेतला. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मामा एकदम उठून बसले. 'रेघ आधी ओलांडली? आणि शिक्षा म्हणून पुन्हा तेच करायला दिलं?' असं दोनदा विचारून त्यांनी समाधानानं तंबाखू मळायला घेतली. परदेशी सावकार आपल्यापेक्षा वस्ताद निघाला, याचं त्यांना फार बरं वाटलं.

तिथले लोक अजून थकलेले नाहीत. २०२३ साली आणखी एक बदल केला. ठरावीक अंतर कापलं की आधी थांबणारं घड्याळ आता चालूच राहतं, फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. म्हणजे चेंडू हातात धरून हळूहळू पुढं सरकणाऱ्याची पुन्हा दिवाळी.

उलटाही प्रकार असतो. घड्याळ बदलतं आणि माणूस जुन्याच वेळेवर चालत राहतो. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिला विश्वचषक. इंग्लंडनं ६० षटकांत ४ बाद ३३४ केल्या, आणि आपले सुनील गावसकर साठच्या साठ षटकं खेळून नाबाद ३६ वर परत आले. १७४ चेंडू. भारत ३ बाद १३२. पाच दिवसांच्या हिशेबानं ती खेळी कुठं चुकली, सांगा बरं! विकेट तर गेली नाही.

खो-खोविषयी दोन शब्द, नाहीतर खो-खोवाले मला रस्त्यात गाठतील. त्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली बांधले, आणि तिथं वेळ हाच जीव. नऊ मिनिटांची पाळी. पळणारा किती टिकला ते मिनिटं-सेकंदांत छापून येतं. वेळ काढणं हाच पळणाऱ्याचा धर्म, त्यामुळं त्याला कुणी नावं ठेवत नाही. आणि सगळं करूनही बरोबरी सुटली नाही, तर 'लघुत्तम आक्रमण' म्हणून एक प्रकार आहे: पहिला गडी कुणी कमी वेळात मारला ते बघायचं. नऊ-नऊ मिनिटं वेळ काढायला शिकवायचं आणि शेवटी विचारायचं, घाई कुणाला जास्त होती? २०२२ साली व्यावसायिक लीग निघाली, तिथं पाळी सात मिनिटांवर आली आणि ठरावीक वेळ टिकून राहणाऱ्यांनाही गुण मिळू लागले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या आपल्या दोघांच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. खो-खोवाल्यांनी आता मला मोकळं करावं.

कबड्डीला तिचं तिसरं घड्याळ मिळालं २६ जुलै २०१४ रोजी, मुंबईत. प्रो कबड्डी लीग सुरू झाली. दूरचित्रवाणीवर संध्याकाळी लाखो लोक बसणार, त्यांच्यापुढं जप करणारे गडी ठेवून कसं चालेल? तेव्हा नियम झाला: एका चढाईला ३० सेकंद, एवढंच. डोक्यावर मोठं घड्याळ उलटं पळतंय. आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर गडी बाद. 'करो या मरो.' कबड्डी म्हणत राहणं अजूनही आहे, पण तो आता शिष्टाचार. खरा पंच ते घड्याळ.

यामुळं खेळ पळायला लागला, हे मी नाकारणार नाही. २०१७ साली परदीप नरवालनं एका चढाईत आठ गुण आणले. अर्ध्या मिनिटाच्या आत आठ! आमच्या गल्लीतल्या अख्ख्या उन्हाळ्याची कमाई. पण गंमत पुढंच आहे. 'तिसरी चढाई रिकामी चालणार नाही' याचा अर्थ प्रशिक्षकांनी काय लावला? 'पहिल्या दोन चालतील.' वेळ काढू नये म्हणून केलेल्या नियमानं वेळ काढायचा कोटा ठरवून दिला, रेशनवरच्या साखरेसारखा. पहिला गडी जातो, निदान रेषा शिवून येतो. दुसरा जातो, नमस्कार करून येतो. आणि तिसऱ्या चढाईसाठी एक खास माणूस राखून ठेवलेला. ज्यांची पकड भक्कम, ते संघ तर समोरच्याला मुद्दाम तिसऱ्या चढाईपर्यंत आणून सोडू लागले. गडी नाइलाजानं आत येणारच. यायचं तर या, आम्ही बसलोच आहोत. चढाईचा खेळ बघता बघता पकडीचा झाला.

मामा हे सगळं टीव्हीवर बघत. वय ब्याऐंशी. ध्वनिक्षेपकावर गाणं वाजतंय, समालोचक किंचाळतोय, आणि मामा सवयीनं मान तिरकी करून डावा कान टीव्हीला लावून बसलेले. एक दिवस म्हणाले, 'काहीच ऐकू येत नाही रे.' मी आवाज वाढवला. 'तसं नव्हे. दम ऐकू येत नाही.' मग बराच वेळ बोलले नाहीत. चाळीस वर्षं ज्या कानावर माणसं आत-बाहेर केली, तो कान एका रात्रीत निकामी ठरला होता, आणि तोही काही बिघाड नसताना. निवृत्तीच्या दिवशी मामांनी नारळ आणि शाल हसत घेतली होती. कचेरीतून जाताना माणसाला निदान चहा तरी देतात.

घड्याळावर सगळं सोपवल्यानं भांडणं मिटली असं म्हणावं, तर तेही नाही. ७ ऑक्टोबर २०२३, चीनमधलं हांगझोऊ, आशियाई खेळांचा अंतिम सामना, भारत आणि इराण. बरोबरी २८-२८, शेवटची मिनिटं. पवन सेहरावत तिसऱ्या, म्हणजे करो या मरोच्या चढाईला गेला आणि कुणाला न शिवताच कडेच्या राखीव क्षेत्रात गेला. त्याच्यामागं इराणचे गडीही गेले. आता बाद कोण? जुन्या नियमानं एक उत्तर, नव्या नियमानं दुसरं. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. दोन्ही संघ मैदानात बसून राहिले. सेकंदासेकंदाला जपणारं ते घड्याळ जवळजवळ तासभर थांबून होतं! शेवटी भारत ३३-२९ नं जिंकला. त्या सुवर्णपदकाच्या संघात आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे होते, म्हणून आम्ही त्या तासाबद्दल फार बोलत नाही.

त्याआधीच्या आशियाई खेळांबद्दल मात्र नाशिककर भरभरून बोलतो, आणि जरा चोरून. २०१८, जाकार्ता. १९९० पासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. तो संघ आधी दक्षिण कोरियाकडून २४-२३ असा हरला आणि उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८. देशभर हळहळ. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांचा अंतिम सामना, पुन्हा इराणच. २०१० आणि २०१४ ची सुवर्णपदकं आपल्या मुलींची, तेव्हा या तरी सूड उगवतील म्हणून आम्ही टीव्हीसमोर. आणि इराणच्या बाकावर प्रशिक्षक कोण? शैलजा जैन. नाशिकच्या! वर्षानुवर्षं नाशिकच्या मुलींना ज्यांनी कबड्डी शिकवली, त्या बाई साठी ओलांडल्यावर इराणला गेल्या आणि दीड-एक वर्षात त्यांनी तो संघ उभा केला.

त्या दिवशी आमच्या घरात जी पंचाईत झाली ती काय सांगू! भारताची चढाई आली की सगळे ओरडत. इराणनं पकड केली की सगळे हळहळत, आणि मग कुणीतरी हळूच म्हणे, 'पण पकड चांगली बसवलीय हं बाईंनी.' इराण जिंकला. २७-२४. घरात शांतता. बायको डोळे पुसत म्हणाली, 'वाईट झालं.' आणि पाठोपाठ, 'आपल्याकडच्याच ना त्या?'

दुसऱ्या दिवशी पेपर मी मामांना वाचून दाखवला. शैलजाबाईंनी इराणच्या मुलींना काय काय शिकवलं ते त्यात आलं होतं. रोजच्या सरावात योगासनं होती, आणि प्राणायाम होता.

'काय म्हणालास?'

'प्राणायाम. श्वासाचा व्यायाम.'

मामांनी पेपर माझ्या हातातून ओढून घेतला. चष्मा नव्हता, तरी बराच वेळ ती ओळ बघत राहिले. मग म्हणाले, 'तीस सेकंदांचं घड्याळ डोक्यावर लावलंय, कान कुणी लावत नाही, आणि तरी बाई दमच शिकवतेय! अरे, दम पुरला तर डोकं शांत राहतं. डोकं शांत राहिलं तर तीस सेकंद पुष्कळ होतात. हे मी १९६२ पासून सांगतोय.' सांगत होते खरं, पण कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांनी मला माझं घड्याळ काढायला लावलं. शहाऐंशी वर्षांचे मामा पलंगावर ताठ बसले, छाती भरून घेतली आणि सुरू झाले: 'कबड्डी कबड्डी कबड्डी...' मी सेकंद मोजतोय. दहा झाले. पंधरा झाले. आवाज बारीक झाला, पण चालू. वीस. चेहरा लाल. बावीस, तेवीस. चोविसाव्या सेकंदाला मामा थांबले, धापा टाकत माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, 'किती?'

मी सांगणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, 'अकराला घेतलात तुम्ही. ऐकू आला मला.'